८ फुटी दरवाजावर लिंटेल केवढं? आधी वर काय बसलंय ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळ १९९९ साली बांधलेलं एकमजली घर. ९ इंची विटांच्या भिंती, कॉलम-बीम नाहीत, वर सपाट स्लॅब आणि गच्चीला ३ फुटांचं पॅरापेट, म्हणजे कठडा. हॉल १२ बाय १४चा. त्याच्या १४ फुटी बाहेरच्या भिंतीत मधोमध ४ फुटी खिडकी आहे. ती काढून तिथे ८ फुटी सरकता काचेचा दरवाजा बसवायचाय. गवंडी म्हणतो, ६ इंच जाडीचं लिंटेल (भोकावरचा भार पेलणारी आडवी तुळई) टाकू, खाली दोन दहाचे (१० मिमीचे) बार, आजवर सगळीकडे हेच केलंय आणि कुठे काही झालं नाही. हे चालेल का?

चालणार नाही. पण तुमचा गवंडी खोटंही बोलत नाहीये, आणि खरी गोम तिथेच आहे. त्याचं लिंटेल ३ फुटी दारावर, ४ फुटी खिडकीवर गेली ३० वर्षं टिकलंय. म्हणून तो मनापासून सांगतोय की टिकतं. ४ फुटांवर जे टिकलं ते ८ फुटांवर का टिकणार नाही, हे आकड्यांनी दाखवतो. थोडं लांबेल, पण एकदा डोक्यात बसलं की पुढच्या प्रत्येक दाराखिडकीपाशी तुम्हीच अंदाज बांधू शकाल.

विटांच्या भिंतीत भोक पाडलं की त्याच्या वरच्या सगळ्या विटा खाली येत नाहीत. सांधमोड (एका थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर न येणं) नीट असेल तर विटा एकमेकींना धरून आपोआप कमान करतात आणि फक्त भोकाच्या लगतचा एक त्रिकोण सुटा राहतो. लिंटेलवर येतं ते त्या त्रिकोणाचं वजन. पुण्या-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत कधी कधी दारावरचा लाकडी पाट कुजून भुसा झालेला दिसतो आणि वरची भिंत मात्र जागच्या जागी असते, ती याच कमानीच्या जोरावर. हिशेबाला आपण हा त्रिकोण समभुज धरतो, म्हणजे त्याची उंची भोकाच्या रुंदीच्या पाऊणपटीहून थोडी जास्त, सुमारे ०.८७ पट. ३ फुटी दारावर हा त्रिकोण अडीच-पावणेतीन फूट उंच होतो आणि ९ इंची भिंतीत त्याचं वजन भरतं दोनशे किलोच्या आसपास. एवढं वजन कुठलंही बरं लिंटेल सहज पेलतं.

आता तुमच्या भिंतीकडे या. दाराची उंची ७ फूट, स्लॅबचा तळ १० फुटांवर. मध्ये उरली ३ फूट भिंत, त्यातून लिंटेलची जाडी वजा. ३ फुटी दाराचा त्रिकोण त्यात कसाबसा मावतो. ८ फुटी भोकाचा त्रिकोण मात्र ७ फूट उंच होतो, म्हणजे तो स्लॅब फोडून गच्चीवर, पॅरापेटच्याही वर जातो. त्याला कमान करायला भिंतच शिल्लक नाही. अशा वेळी त्रिकोण विसरायचा आणि वर जे जे आहे ते सगळं लिंटेलवर आलं असं धरायचं. स्लॅबही आला, गच्चीवरची माणसंही आली. लिंटेलचा आकार नुसत्या भोकाच्या रुंदीवरून ठरवायला गेलं की चूक होते ती इथे.

हिशेब मांडू. ५ इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला साधारण ३१० किलो. त्यावर वीटबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि खालचं प्लॅस्टर मिळून २४० धरा. गच्चीवर माणसं, पाण्याची पिंपं, लग्नकार्यात मांडव, त्यासाठी १५०. एकूण ७०० किलो. हॉलची रुंदी १२ फूट, त्यातला निम्मा भार या भिंतीवर, म्हणजे १.८ मीटर. ७०० गुणिले १.८ झाले १,२६०. तुमचा स्लॅब जवळपास चौकोनी असल्याने चारही भिंतींवर भार वाटला जातो, पण भिंतीच्या मधल्या भागात, जिथे तुमचा दरवाजा येणार आहे, तिथे जवळपास एवढाच येतो, म्हणून कमी करत नाही. साडेचार इंची पॅरापेट प्लॅस्टरसकट २८०. लिंटेल आणि स्लॅबच्या मधल्या विटा ३६०. लिंटेलचं स्वतःचं वजन १५०. बेरीज २,०५० किलो, आणि ती भिंतीच्या दर मीटर लांबीला. ८ फुटांच्या भोकावर, टेकूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरून, सगळं मिळून साडेपाच टन.

आता वाकवणारा जोर. भार सारखा पसरलेला असेल तर तो भार गुणिले अंतराचा वर्ग भागिले ८. तुमच्या सध्याच्या ४ फुटी खिडकीवर टेकूच्या मध्यापासून मध्यापर्यंत १.३७ मीटर अंतर येतं. जोर भरतो ४७० किलोग्रॅम-मीटर. गवंड्याचं ९ बाय ६ इंची लिंटेल, एम-२० दर्जाचं काँक्रीट, खाली दोन दहाचे बार, हे सुरक्षितपणे किती पेलतं? सुमारे ४७५. बघा, कसं काट्यावर जुळलं! पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेला गवंडी जे सांगतो ते बहुतेक वेळा असंच काट्यावर बरोबर असतं, म्हणून मी त्याला कधी हसत नाही. पण ८ फुटांना अंतर होतं २.६७ मीटर आणि जोर १,८२५. रुंदी दुप्पट, जोर जवळपास चौपट. तेच लिंटेल तिथे टाकलं तर लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम चौथा हिस्सा त्याच्यात असेल. पहिल्या दिवशी पडेलच असं नाही. कमानीचा थोडाफार हातभार लागेल, स्लॅब स्वतः थोडं आडवं सांभाळेल. मधोमध खालून तडा जाईल, वर पॅरापेटला उभी चीर पडेल, दरवाजा घासायला लागेल. मग एखाद्या पावसाळ्यात चिरेतून पाणी सळईपर्यंत पोचेल. पुढचं सांगायला नको.

झुकण्याचा हिशेब तर याहून कडक आहे. तोच भार, तीच जाडी, आणि अंतर दुप्पट केलं तर लिंटेल १६ पट झुकतं. विटा आणि काच या दोघांनाही झुकणं सहन होत नाही. ताकद पुरली आणि झोल जास्त आला तरी काम फसलंच म्हणायचं.

मग किती हवं? नवं घर बांधत असतात आणि हेच ८ फुटी भोक असतं तर मी ९ इंच रुंद, १२ इंच खोल बीम सांगितला असता. खाली बाराचे तीन बार, वर दहाचे दोन, आठच्या रिंगा ६ इंचांवर, आणि दोन्ही टोकांना भिंतीवर किमान ९ इंच बसवणी. ९ बाय ९ घेऊन बघितलं तर काँक्रीटच कमी पडतं. खोली वाढवण्याला पर्याय नाही, नुसत्या सळया वाढवून भागत नाही. बरेच जण तिथे फसतात, सहा इंचांत चार-पाच बार कोंबतात. बारांच्या मध्ये खडीच उतरत नाही, तळाला मधाच्या पोळ्यासारखं काँक्रीट होतं आणि ज्या सळयांवर भिस्त त्याच उघड्या पडतात.

पण तुमच्या घरात भिंत आधीच उभी आहे आणि तिच्यावर स्लॅब बसलाय. तिथे काँक्रीटचा बीम ओतायचा तर आधी भिंत फोडावी लागेल, वरचा स्लॅब दोन-तीन आठवडे फक्त टेकूंवर ठेवावा लागेल, आणि शेवटी बीमच्या वरच्या फटीत काँक्रीट नीट भरत नाही ते नाहीच. म्हणून उभ्या भिंतीत मी लोखंडी चॅनल (इंग्रजी सी आकाराची तुळई, वरची-खालची आडवी पाती म्हणजे तिचे पंख) वापरतो. भिंतीच्या आतल्या अंगाने एक, बाहेरच्या अंगाने एक, आणि दोन्ही आरपार बोल्टने एकमेकांना आवळलेली. ८ फुटांसाठी १५० मिमीची दोन चॅनल पुरतात. पोलादावर येणारा ताण परवानगीच्या निम्म्यालाच राहतो आणि झोल येतो सव्वाचार मिमी. १२५ची दोन घेतली तर ताकदीला पास होतात, पण झोल जातो ८ मिमीवर, म्हणजे अंतराच्या साडेतीनशेव्या हिश्शाहूनही जास्त. विटांच्या भिंतीखाली आणि काचेच्या दरवाजावर मी तेवढा चालवून घेत नाही. दुकानदार म्हणेल १२५ पण चालतात. त्याला फक्त ताकद माहीत असते.

१५०च्या चॅनलला पंखाची रुंदी ७५ मिमी. तुमची भिंत २३० मिमी. दोन्हीकडून ७५-७५ मिमी खोल खाच मारली की मध्ये ८० मिमीचा गाभा उरतो, तोच वरचा भार काम चालू असताना धरून ठेवतो. मापं अशी जमून येतात म्हणूनच ९ इंची भिंतीला ही पद्धत सोयीची आहे. १० फूट लांबीचं एक चॅनल ५० किलोच्या आसपास भरतं, दोन माणसं घोडीवर चढून उचलू शकतात.

आता मी तुमच्या मनाविरुद्ध एक सांगणार आहे. ८ फुटांचा आग्रह सोडा, ७ फूट करा.

कारण लिंटेल नाही, भूकंप आहे. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला, पहाटे. तुमचा पट्टा तेव्हापासून हलता आहे. विटांची भिंत भूकंपात उभी राहते ती दारंखिडक्यांच्या मधल्या आणि कोपऱ्यांकडच्या भरीव भागांच्या जोरावर. आयएस ४३२६ या भारतीय मानकात यासाठी मर्यादा दिल्यात. जास्त धोक्याच्या गटातल्या एकमजली घराला, एका भिंतीतल्या सगळ्या दारंखिडक्यांची मिळून रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नको. दुमजली असेल तर ४२ टक्के. कोपऱ्यापासून भोक किमान ४५० मिमी दूर, आणि दोन भोकांमध्ये ५६० मिमी भरीव भिंत. तुमच्या १४ फुटांत ८ फूट म्हणजे ५७ टक्के. ७ फूट घेतले की बरोबर निम्मे, आणि दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फूट भरीव भिंत राहते. उद्या मुलं मोठी झाली आणि वर एक खोली चढवायची म्हणालात, तर ७ फूटही जास्त होतील. तसा विचार मनात असेल तर आत्ताच ६ फुटांच्याही थोडं आत थांबा. ५ फूट १० इंचांच्या आत हवं आहे खरं तर.

एक फूट कमी केल्याचा फायदा लिंटेललाही होतो. वाकवणारा जोर पाचव्या हिश्शाहून जास्त उतरतो, झोल तर जवळपास ४० टक्क्यांनी. ७ फुटांना १२५ची दोन चॅनलसुद्धा बसतात, झोल ५ मिमीच्या आत राहतो. तरी मी १५०च घेईन. फरक थोड्या किलोंचा आहे आणि वरचं घर तुमचं आहे.

किल्लारीचा उल्लेख केल्याशिवाय मला हा विषय पुढे नेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतर लातूर-धाराशिव भागात जे आम्ही पाहिलं, त्यात जाड दगडी भिंती मातीच्या चुनाईत रचलेल्या होत्या, वर माळवदाचा जड मातीचा थर होता, आणि दारंखिडक्यांवर सुटी लाकडं. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना बांधणारा एकही आडवा दगड नव्हता. हादऱ्यासरशी भिंती दोन्हीकडे उकलल्या. काही घरांत लाकडी खण उभे आणि भिंती पूर्ण खाली, असं चित्र होतं. त्यानंतर आपल्याकडे लिंटेलच्या पातळीवर घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायची सवय बऱ्यापैकी रुजली. सुटं लिंटेल फक्त दाराचा भार वाहतं. सलग पट्टा घराला कमरपट्ट्यासारखा आवळून धरतो आणि कोपरे उकलू देत नाही.

तुमचं घर १९९९चं, म्हणजे असा पट्टा असण्याची शक्यता आहे. काम सुरू करण्याआधी खिडकीपासून ३-४ फूट लांब, खिडकीच्या वरच्या पातळीला, वीतभर प्लॅस्टर काढून बघा. वीट दिसली तर पट्टा नाही. काँक्रीट दिसलं तर पट्टा आहे, आणि तो कुठल्याही परिस्थितीत कापायचा नाही, त्यात खाचही मारायची नाही. मग दोन्ही चॅनल पट्ट्याच्या खाली घ्यायची. दरवाजाची उंची ६ इंचांनी कमी होईल, होऊ द्या. साडेसहा फुटांच्या दारातून कुणाचं डोकं आपटत नाही. पट्टा नसेल तर जुन्या लिंटेलच्या लगत वरच्या थरात चॅनल बसवायची आणि लिंटेल नंतर काढायचं.

आणि हो, खिडकीवर छज्जा असणारच. तो जुन्या लिंटेलमधूनच बाहेर आलेला असतो आणि वरच्या भिंतीच्या दाबाने तोल धरून असतो. ५ फूट लांब, २ फूट पुढे आलेला छज्जा १८०-२०० किलोचा असतो. लिंटेल तोडायला घेतलं आणि छज्जा तसाच असला, तर तो खाली उभ्या माणसावर येतो. आधी छज्ज्याला खालून धीरे (टेकू) द्या, मग कटरने तुकडे करून तो उतरवा, त्यानंतरच लिंटेलला हात लावा. माझ्या सुरुवातीच्या एका साइटवर उलटं झालं होतं. छज्ज्याच्या सळया वर हव्या असतात, कारण तो वरच्या बाजूने ताणला जातो. काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायांनी त्या तळाला दबल्या होत्या आणि कुणी उचलल्या नाहीत. वरची भिंत चढायच्या आत सेंट्रिंग काढलं आणि अख्खा छज्जा खाली आला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. त्या दिवसापासून छज्जा भरताना मी स्वतः फळीवर उभा राहतो आणि कुणालाही जाळीवर पाय ठेवू देत नाही. नव्या दरवाजावर तुम्ही काँक्रीटचा छज्जा काढू नका. चॅनलला बोल्ट करून हलका पत्र्याचा किंवा पॉलिकार्बोनेटचा घ्या. पुढची कड थोडी उतरती ठेवा म्हणजे पागोळ्या काचेवर येणार नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. पहिले धीरे, म्हणजे लोखंडी प्रॉप. हॉलमध्ये भिंतीपासून दीड फुटावर, भिंतीला समांतर, छताखाली एक आडवा लाकडी बडोद किंवा चॅनल धरून त्याखाली चार-पाच प्रॉप लावा, तीन फुटांच्या आत एकेक. भिंतीच्या फार लांब लावू नका. लांब गेलात तर प्रॉपच्या पलीकडचा स्लॅब आणि त्यावरचं पॅरापेट अधांतरी लटकतं, आणि त्या जागी स्लॅबमध्ये वरच्या सळया बहुधा नसतात. प्रॉपच्या तळाला जाड फळी टाका, फरशीखाली भराव असतो, एका ठिकाणी टेकवलं तर फरशी दबते. आणि जॅक आवळताना हात आवरा. स्लॅबला टेकवायचंय, उचलायचं नाहीये. उचललात तर वरून तडा जातो आणि तो तडा तुम्हीच पाडलेला असतो.

मग आतल्या बाजूची खाच. हातोडा-छिन्नीने ठोकू नका, हॅमर मशीन तर नकोच. जुना मसाला हादऱ्याने सैल होतो आणि ज्या विटांवर आपली भिस्त आहे त्याच ढिल्या होतात. डायमंड ब्लेडचा कटर लावून वरून-खालून सरळ काप घ्या आणि मधला भाग अलगद काढा. खाच भोकाच्या दोन्ही टोकांना एकेक फूट पुढे जाईल. ७ फुटांचं भोक तर ९ फुटी चॅनल.

त्या दोन टोकांवर खरा जीव आहे, म्हणून इथे घाई करू नका. ८ फुटांच्या हिशेबाने प्रत्येक टोकाला पावणेतीन टन येतात, ७ फुटांना २,४०० किलोच्या पुढे. चॅनलचे दोन पंख मिळून फूटभर लांबीत फक्त ४५० चौरस सेंमी विटांवर टेकतात. म्हणजे चौरस सेंमीला साडेपाच-सहा किलो. आपल्या भट्टीच्या साध्या विटेच्या चुनाईला साडेतीनच्या आसपास धरतात. विटांचा कोपरा चुरडणार हे उघड आहे. त्यासाठी चॅनलखाली दोन्हीकडे काँक्रीटचे बेड ब्लॉक घाला, भिंतीच्या पूर्ण रुंदीचे, दीड फूट लांब, ६ इंच जाड. दाब अडीच किलोच्याही खाली येतो. ब्लॉक आठवडाभर आधी भरून त्यांच्यावर पाणी मारून तयार ठेवा. एका वेळी एकाच टोकाचा, आणि तिथेही भिंतीची अर्धी-अर्धी रुंदी करत. उरलेल्या साडेतीन फुटांच्या खांबातल्या विटा वाजवून बघा. पोकळ वाजली किंवा सांध्यातला मसाला नखाने निघाला, तर तो भाग आधी नव्याने बांधून घ्या.

चॅनल जागेवर गेलं की त्याच्या आणि वरच्या विटांच्या मध्ये बोटभर फट राहते. सगळं काम त्या फटीवर ठरतं. एका घराचं दुकान करताना, साताऱ्याकडचंच काम होतं, मिस्त्रीने ती फट ओल्या साध्या मसाल्याने भरली. आठ दिवसांनी मी आलो तेव्हा मसाला आकसून वर केसाएवढी फट होती. खिशातलं एक रुपयाचं नाणं काढून लावून बघितलं, एका जागी ते सरळ आत गेलं. म्हणजे चॅनल दिमाखात उभं होतं आणि वरचा भार त्याच्यावर आलेलाच नव्हता. त्याच दिवशी खालची भिंत काढली असती तर स्लॅब तेवढा खाली बसला असता. आम्ही पोलादी पाचरी जोडीजोडीने दर फुटावर ठोकल्या आणि मग न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा तयार सिमेंटचा मसाला) भरला. तुम्ही पाचरी आणि ग्राउट दोन्ही पहिल्यापासून वापरा. ग्राउट मिळाला नाही तर एकास दोन सिमेंट-वाळू, पाणी इतकंच की मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि हाताला ओल लागता कामा नये, आणि तो लाकडी ठोकळ्याने ठासून ठासून भरायचा.

आतलं चॅनल भरून किमान तीन दिवस, मी सात देतो, त्यानंतर बाहेरच्या बाजूची खाच. दोन्ही खाचा एकाच दिवशी मारायच्या नाहीत, कंत्राटदार कितीही घाई करो. दोन्ही बसली की दीड-दीड फुटावर १२ मिमीचे बोल्ट आरपार. ज्या चॅनलला उघडी हवा लागणार आहे त्याला आधीच रेड ऑक्साइडचे दोन हात. शेवटी प्लॅस्टर धरावं म्हणून वर कोंबडी जाळी.

बाहेरच्या चॅनलचा ग्राउट घट्ट झाला की मग खालची भिंत काढा, तीही वरून खाली, कापून. प्रॉप लगेच काढू नका. भिंत काढल्यावर दोन दिवस स्लॅबच्या खालचं प्लॅस्टर आणि गच्चीतलं पॅरापेट रोज सकाळी बघा. काही नसेल तर प्रॉप मधल्यापासून सुरू करून टोकांकडे, थोडे थोडे ढिले करत काढा.

या सगळ्यावर जवळच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवा. मी तुमच्या विटा पाहिलेल्या नाहीत, स्लॅबची खरी जाडी मोजलेली नाही, आणि पाया काळ्या मातीत आहे की मुरमात तेही माहीत नाही. काळी माती असेल तर दोन्ही बाजूंच्या खांबांखाली पाया खोदून बघावा लागेल, कारण पूर्वी १४ फुटांत पसरलेला भार आता दोन ठिकाणी गोळा होणार आहे.

अ‍ॅल्युमिनियमवाल्याला मात्र आधीपासून माप देऊन ठेवू नका. प्रॉप निघाल्यावर आठ दिवस जाऊ द्या, मग तीन ठिकाणी उंची मोजा, डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये. मध्ये दोन-तीन मिमी कमी भरेल, तो आपला झोल. फ्रेम सगळ्यात कमी मापाहून १० मिमी आखूड करायला सांगा आणि वरची फट सिलिकॉनने भरून घ्या, सिमेंटने नाही. गच्चीवर पन्नास माणसं जेवायला बसली की चॅनल अजून थोडं वाकणार, आणि तेव्हाही तुमचा दरवाजा एका बोटाने सरकला पाहिजे.